किडनी देणाऱ्याला 'नको' म्हणायची सोय असते का?

बाकी कुठलंही ऑपरेशन घ्या, टेबलावर झोपलेला माणूस आजारी असतो. अपेंडिक्स असो, हर्निया असो नाहीतर बायपास, ज्याला कापलं फायदाही त्याचाच. जिवंत माणसाची किडनी काढताना मात्र गणित उलटं असतं. एक ठणठणीत माणूस हॉस्पिटलात चालत येतो, सगळ्या टेस्ट पास होतो, खरं तर पास होतो म्हणूनच त्याला ऑपरेशनला घेतात, आणि घरी जाताना त्याची तब्येत आधीपेक्षा थोडी का होईना उतरलेलीच असते. डॉक्टरांना पहिल्यांदा शिकवतात ते काय, तर पेशंटचं नुकसान करू नका. मग हे चालतं कसं? "अहो तो स्वतःच तयार आहे ना" असं म्हणून बहुतेक लोक विषय संपवतात. पण तो खरंच मनापासून तयार आहे की घरच्यांच्या नजरेला घाबरून तयार झालाय हे ओळखायचं कसं, सगळी गोम तिथेच आहे. मला तर वाटतं की ज्याला 'नको' म्हणायची खरीखुरी सोय नाही त्याच्या 'हो'ला काही किंमतच नाही, आणि गेल्या सत्तर वर्षांत या क्षेत्रात जे नियम झाले त्यातले निम्मेअधिक ही 'नको'ची सोय सांभाळायलाच झालेत.

आधी वैद्यकीय भाग बघून घेऊ, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर पडतं, बाकी सगळं परत रक्तात. शिवाय बीपी सांभाळणं, रक्त तयार व्हायला लागणारं हार्मोन बनवणं ही कामंही त्यांच्याकडेच. किडन्या निकामी झाल्या की डायलिसिस, म्हणजे आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनला जोडून बसायचं, आणि एवढं करूनही खऱ्या किडनीच्या कामाचा थोडासाच भाग होतो. म्हणून ट्रान्सप्लांट. मेलेल्या माणसाची किडनी चालते, पण जिवंत माणसाची जास्त टिकते, सरासरी १५ ते २० वर्षं, कारण ती निरोगी माणसाकडून येते, फार वेळ शरीराबाहेर राहत नाही, आणि पेशंटची हालत खालावायच्या आत तारीख ठरवून बसवता येते.

एक गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत नसते. पेशंटच्या जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत, तशाच आत राहू देतात. नवी किडनी ओटीपोटात, पुढच्या बाजूला एका कडेला बसवतात, तिच्या रक्तवाहिन्या पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात आणि नळी मूत्राशयाला. म्हणजे त्या माणसाच्या पोटात चक्क तीन किडन्या असतात. डोनरची बहुतेक वेळा डावी काढतात, कारण डावीची शीर लांब असते, जोडायला सोपी जाते. १९९५ साली बाल्टिमोरला पहिल्यांदा दुर्बिणीतून डोनरची किडनी काढली, त्याआधी बरगडीखाली मोठा कट घ्यायचे. आता तीन-चार छोटी भोकं आणि किडनी बाहेर काढण्यापुरता ओटीपोटावर एक कट. दोन ते चार दिवसांत घरी, चार ते सहा आठवड्यांत रोजच्या कामाला, तोवर जड काही उचलायचं नाही.

राहिलेली एक किडनी थोडी मोठी होते आणि जास्त काम करायला लागते. घरात दोघं कमावणारे असताना एकाची नोकरी गेली आणि दुसऱ्याने ओव्हरटाइम सुरू केला तसं समजा, घर चालतं, पण कमाई पहिल्याएवढी होत नाही. एकूण काम आधीच्या ६० ते ७० टक्क्यांवर स्थिरावतं. रोजच्या जगण्याला तेवढं भरपूर झालं, पण पुढे डायबेटिस किंवा बीपी मागे लागलं तर हाताशी शिल्लक कमी.

आता धोका. इथे दोन्ही बाजूंनी थापा चालतात. एकीकडे "काही होत नाही हो, एका किडनीवर माणूस शंभर वर्षं जगतो", आणि दुसरीकडे "किडनी दिली म्हणजे जन्माचा अधू झाला". आकडे बघा. अमेरिकेतल्या ८०,००० हून जास्त डोनरांच्या नोंदींवरून २०१० साली निघालेला हिशोब असा की ऑपरेशननंतर तीन महिन्यांत दगावण्याचं प्रमाण १०,००० मागे तीनच्या आसपास, आणि अलीकडच्या दहा वर्षांच्या नोंदींत ते १०,००० मागे एकच्याही किंचित खाली आलंय. पुढे आयुष्यात कधीतरी स्वतःचीच किडनी निकामी होण्याचा धोका २०१४ च्या एका अभ्यासात काढला होता, डोनरांमध्ये १०,००० मागे ९०, आणि तितक्याच निरोगी पण किडनी न दिलेल्या लोकांत १४. म्हणजे सहापटीहून जास्त, आणि तरीही एक टक्क्याच्या आत. गंमत अशी की न निवडलेल्या सर्वसाधारण लोकांत तोच आकडा ३२६ होता. हॉस्पिटलवाले कधीकधी हा ३२६ पुढे करून सांगतात की बघा, डोनरांना तर सामान्य माणसापेक्षाही कमी धोका, आणि हे मला अजिबात पटत नाही. डोनर मुळात गाळून निवडलेला माणूस असतो, त्याची तुलना त्याच्यासारख्याच निरोगी माणसाशी करायची, रस्त्यावरच्या कोणाशीही नाही.

याच्यातनंच एक उलटं वाटणारं सत्य निघतं. पंचविशीतला तरुण डोनर म्हणून एकदम फिट दिसतो, साठीचा माणूस कडेला पडतो. पण साठीच्या माणसाला डायबेटिस व्हायचा असता तर बहुतेक एव्हाना झाला असता, त्याचं पुढचं चित्र बरंचसं स्पष्ट असतं. पंचविशीतल्या पोरापुढे अजून पन्नास-साठ वर्षं आहेत आणि त्यात काय वाढून ठेवलंय ते आजच्या कुठल्याच टेस्टमध्ये दिसत नाही. म्हणून आईबाप आणि मुलगा तिघंही मॅच होत असतील तर "तरुणाचीच घ्या" हा घरातला सल्ला डोनरच्या बाजूने बघितलं तर बरेचदा चुकीचा ठरतो. मुलगी असेल तर अजून एक, किडनी दिल्यानंतर दिवस राहिले तर बीपी वाढण्याचा नाहीतर प्रीएक्लॅम्पसियाचा (गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांवरही ताण येणं) त्रास ११ टक्के बायकांना झाला, न दिलेल्यांत ५ टक्के, हे कॅनडातल्या २०१५ च्या अभ्यासातले आकडे आहेत. बहुतेकींची बाळंतपणं नीटच झाली, पण हे आधी सांगायला हवं, ऑपरेशन झाल्यावर नाही.

हे सगळं सुरू कुठून झालं? १९५२ च्या नाताळात पॅरिसमध्ये एका सोळा वर्षांच्या सुतारकाम करणाऱ्या पोराची किडनी उंचावरून पडून फुटली, काढावी लागली, आणि मग कळलं की त्याला जन्मापासून ती एकच होती. आईने डॉक्टरांना गळ घातली की माझी घ्या. जाँ हँबर्गर यांच्या टीमने ती बसवली, किडनी लगेच चालूही झाली, पण तीन आठवड्यांत शरीराने ती नाकारली आणि पोरगा गेला. तेव्हा शरीराचा विरोध दाबणारी औषधं नव्हती. पुढे २३ डिसेंबर १९५४ ला बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी रिचर्ड हेरिकला त्याच्या जुळ्या भावाची, रोनाल्डची किडनी बसवली आणि ती टिकली, कारण हुबेहूब जुळे असल्याने शरीराला ती परकी वाटलीच नाही. रिचर्ड आठ वर्षं जगला, रोनाल्ड २०१० पर्यंत, आणि मरे यांना १९९० साली नोबेल मिळालं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री आजारी रिचर्डने भावाला चिठ्ठी पाठवली होती की तू निघून जा, घरी जा. रोनाल्डने उलट लिहून पाठवलं की मी आलोय आणि मी इथेच थांबणार. म्हणजे पहिल्याच यशस्वी ऑपरेशनमध्ये परत फिरायची मोकळीक डोनरला कोणी दिली, तर खुद्द ज्याला किडनी हवी होती त्याने! प्रत्येक घरात असा पेशंट नसतो.

बहुतेक घरात काय होतं? कोणी डोक्याला बंदूक लावत नाही. फक्त सगळ्यांचे रक्तगट तपासले जातात, रिपोर्ट येतो, आणि त्या दिवसापासून जुळलेल्या माणसाकडे बघायची सगळ्यांची नजर बदलते. कोणी काही मागत नाही, पण तो खोलीत आला की बोलणं थांबतं. भाऊ म्हणतो बायकोला विचारून सांगतो, आणि तेवढ्यावरून बायको वाईट ठरते. अमेरिकेत जिवंत डोनरांपैकी ६० टक्क्यांहून जास्त बायका आहेत, आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, बऱ्याच देशांत थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसतं. थोडंफार कारण वैद्यकीय आहे, पुरुषांत काही आजार जास्त म्हणून ते डोनर म्हणून बाद होतात. पण सगळंच काही त्यात बसत नाही. "कमावता माणूस दोन महिने घरी बसला तर कसं चालेल" हे वाक्य कुठल्याही भाषेत ओळखीचंच वाटेल.

म्हणून चांगल्या ठिकाणी डोनरची टीम वेगळी आणि पेशंटची टीम वेगळी ठेवतात, आणि डोनरला एकट्याला खोलीत बसवून बोलणारा एक माणूस असतो ज्याचा पेशंटच्या उपचाराशी काही संबंध नसतो. नातेवाईक बाहेर. तो विचारतो, ही कल्पना पहिल्यांदा कोणी काढली? तुम्ही नको म्हणालात तर घरी काय होईल? किडनी दिली आणि ती सहा महिन्यांत फेल गेली तर? जो माणूस यावर पाठ केल्यासारखी उत्तरं देतो किंवा दर वेळी दाराकडे बघतो, त्याच्याशी परत बोलावं लागतं.

आणि इथे एक भारी सोय आहे जी फार लोकांना माहीत नसते. त्या खोलीत डोनर म्हणाला की मला नाही द्यायची, तर हॉस्पिटल बाहेर घरच्यांना एवढंच सांगतं की हे डोनर म्हणून योग्य ठरले नाहीत. कारण सांगत नाहीत. डोनरचे रिपोर्ट तसेही त्याचे खासगी असतात, पेशंटला ते बघायचा हक्क नाही. यावर डॉक्टरांमध्येच वाद झालेत. काहीजण पूर्वी सरळ खोटं वैद्यकीय कारण द्यायचे, तुमच्या रक्तवाहिनीत दोष आहे वगैरे, आणि त्याला आक्षेप असा की डॉक्टर खोटं बोलतो हे एकदा कळलं तर खऱ्या रिपोर्टवर कोण विश्वास ठेवेल, शिवाय ते खोटं त्या माणसाच्या फाइलला कायमचं चिकटतं. "योग्य ठरले नाहीत" हे खोटं नाही, मनापासून तयार नसलेला माणूस डोनर म्हणून योग्य नसतोच. मला ही तडजोड फार शहाणपणाची वाटते. घरी जाऊन परत त्याच लोकांत राहायचंय, त्याला तोंड लपवायला जागा हवी. आणि ही मुभा अगदी भूल द्यायच्या क्षणापर्यंत असते.

  

कोर्टात हा 'हो' आणि 'नको'चा प्रश्न मजेशीर वाटांनी गेलाय. १९५७ साली मॅसॅच्युसेट्समध्ये १९ वर्षांच्या जुळ्या भावांचं ऑपरेशन अडलं, तेव्हा कायद्याने सज्ञान व्हायला २१ लागायची आणि अज्ञान मुलाचं ऑपरेशन त्याच्या भल्यासाठीच करता यायचं. मग निरोगी भावाचं भलं कशात? कोर्टाने म्हटलं की भाऊ मेला तर याच्या मनावर जो आघात होईल तो टळणं हाच त्याचा फायदा. युक्तिवाद कामाचा होता पण निसरडाही, कारण याच न्यायाने घरातल्या कोणालाही "तुझ्याच भल्यासाठी" म्हणता येईल. १९७८ ची पिट्सबर्गची केस याच्या अगदी उलट. तिथे किडनी नव्हती, बोनमॅरो होता, जो परत तयार होतो. एका माणसाचा चुलत-मावस नात्यातला भाऊ मॅच होईलसा दिसला आणि त्याने पुढच्या टेस्टला नकार दिला, पेशंट कोर्टात गेला. जज्जने नकार देणाऱ्याला नैतिकदृष्ट्या धुऊन काढलं, आणि तरीही निकाल त्याच्याच बाजूने दिला, की एकाच्या शरीरात दुसऱ्यासाठी जबरदस्तीने सुई घालायचा हुकूम कायदा देऊ शकत नाही. पेशंट त्यानंतर थोड्याच दिवसांत गेला. वाचताना राग येतो, मलाही आला, पण उलटा निकाल लागला असता तर काय झालं असतं याचा जरा विचार करा. २०११ मध्ये मिसिसिपीच्या गव्हर्नरने दोन बहिणींना जन्मठेपेतून सोडलं ते एकीने दुसरीला किडनी द्यायची या अटीवर. द्यायची तयारी तिने स्वतःच दाखवली होती हे खरं, पण मग अट कशाला घातली? स्वखुशीने देणारीला अटीची गरज नव्हती, आणि अट घातल्यावर तिची स्वखुशी तपासायला काही मार्गच उरला नाही.

स्वॅपचं, म्हणजे किडन्यांच्या अदलाबदलीचं गणित याच मुद्द्यावर उभं आहे, की डोनरवर जबरदस्ती करता येत नाही. समजा ए ग्रुपचा नवरा आजारी आणि बी ग्रुपची बायको द्यायला तयार, जुळत नाही. दुसरीकडे बी ग्रुपची बहीण आजारी आणि ए ग्रुपचा भाऊ तयार. अदलाबदल केली की दोघांचं काम होतं. ही कल्पना १९८६ साली मांडली गेली, १९९१ ला दक्षिण कोरियात पहिल्यांदा झाली, आणि पुढे अशा जोड्या कॉम्प्युटरवर जुळवायच्या पद्धतीवर काम करणाऱ्या अल्विन रॉथ यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण खरी अडचण जुळवणीची नाहीच. पहिल्या जोडीने किडनी दिली आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डोनरचा विचार बदलला तर? त्याच्यावर केस करता येत नाही, करार केला तरी कोर्ट किडनी काढून देणार नाही. मग उपाय काय, तर चारही ऑपरेशनं एकाच वेळी लावायची, चार थिएटर, चार टीम, आणि दोन्ही डोनरांना भूल दिल्याची फोनवर खात्री झाल्याशिवाय कोणी कट घ्यायचा नाही. डोनरला बांधून ठेवता येत नाही म्हणून घड्याळ बांधलं.

२००७ मध्ये अमेरिकेत यावर अजून एक तोड निघाली. एखादा माणूस कोणाही अनोळखी पेशंटला किडनी द्यायला स्वतःहून आला तर त्याच्यापासून साखळी सुरू करायची. त्याची किडनी पहिल्या पेशंटला, त्या पेशंटचा न जुळणारा नातेवाईक पुढच्याला देणार, त्याचा नातेवाईक त्याच्या पुढच्याला. इथे प्रत्येक जोडीला आधी मिळतं आणि मग द्यायचं असतं, त्यामुळे मधेच कोणी मागे फिरला तर साखळी तुटते, वाईट होतं, पण "आम्ही दिली आणि आम्हाला मिळालीच नाही" अशी लुबाडली गेलेली जोडी कुठेच उरत नाही. म्हणून ही ऑपरेशनं आठवड्या-महिन्यांच्या अंतराने करता येतात. स्वतःच्या माणसाला मिळून गेल्यावरही मागे फिरणारे फारच थोडे निघतात, हे मला माणसांबद्दलची चांगली बातमी वाटते.

आता पैसा. गरज प्रचंड आहे, जगात वर्षाला लाखाच्या वर किडन्या बसवल्या जातात आणि तरी सगळ्या अवयवांची ट्रान्सप्लांट मिळून एकूण गरजेच्या जेमतेम दहाव्या भागाएवढीच असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मग विकत घेऊ द्या ना, असं म्हणणारे हुशार लोक आहेत आणि त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, की सर्जनला पैसे, हॉस्पिटलला पैसे, औषध कंपनीला पैसे, फक्त किडनी देणाऱ्यानेच फुकट का द्यायची? इराणमध्ये १९८८ पासून सरकारी देखरेखीखाली मोबदला देऊन किडनी घेता येते. बाकी जवळपास सगळ्या जगात बंदी आहे, अवयवांच्या व्यापाराविरुद्ध जगभरच्या डॉक्टरांनी मिळून काढलेल्या २००८ च्या इस्तंबूल जाहीरनाम्यातही तेच सांगितलंय. माझं मत चेन्नईतल्या एका पाहणीने ठरवलं. किडनी विकलेल्या ३०५ जणांना गाठून विचारलेलं, २००२ साली छापून आलं. ९६ टक्क्यांनी कर्ज फेडायला विकली होती, आणि विचारलं तेव्हा चारातले तिघं अजूनही कर्जातच होते. घराचं उत्पन्न सरासरी एक तृतीयांशाने घटलेलं. ८६ टक्के म्हणाले तब्येत बिघडली, आणि ७९ टक्क्यांनी सांगितलं की दुसऱ्या कोणाला हे करायला आम्ही सांगणार नाही. दारात सावकार उभा असताना 'नको' म्हणायला जागा कुठे असते? फक्त एवढा फरक ध्यानात घ्या की डोनरचा बुडालेला पगार, प्रवास, तपासण्यांचा खर्च भरून देणं म्हणजे विक्री नाही. ते न देणं हाच उलट अन्याय आहे, आणि इस्तंबूल जाहीरनामाही असा खर्च भरून द्यायला हरकत घेत नाही.

ऑपरेशन झालं की सगळं लक्ष पेशंटकडे जातं, त्याचं क्रिएटिनिन (किडनी किती चालते ते दाखवणारी रक्ततपासणी) किती, शरीराने किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या टॅक्रोलिमसची लेव्हल किती, आणि डोनर शेजारच्या वॉर्डात टाके सांभाळत असतो. पेशंटला गोळ्या जन्मभर, म्हणून त्याचा फॉलोअपही जन्मभर. डोनरचं तसं नाही. अमेरिकेत हॉस्पिटलांना डोनरची माहिती सहा महिने, एक वर्ष आणि दोन वर्षं अशी कळवावी लागते, त्यानंतर सक्ती नाही, आणि किडनी बिघडायचा जो जास्तीचा धोका वर सांगितला तो दिसायला लागतो दहा-पंधरा वर्षांनी. रोनाल्ड हेरिकने १९५४ मध्येच विचारलं होतं की मी किडनी दिली तर जन्मभर माझ्या तब्येतीची जबाबदारी हॉस्पिटल घेणार का? त्याच्या सर्जनने सांगितलं की अर्थातच नाही, आणि लगेच विचारलं की तुला कधी मदत लागली तर या खोलीतलं कोणी तुला नाही म्हणेल असं वाटतं का? माणूस म्हणून उत्तर छानच, पण ती खोली आता राहिलेली नाही, डॉक्टर बदलतात, हॉस्पिटलं बंद पडतात. अमेरिकेत निदान एवढं केलंय की डोनरला पुढे स्वतःला किडनी लागली तर वेटिंग लिस्टवर त्याला वरचा नंबर मिळतो. बाकी काळजी स्वतःच घ्यायची. वर्षातून एकदा बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन, वजन आवाक्यात, सिगारेट बंद, आणि अंगदुखीसाठी कोणी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक लिहायला लागलं तर आधी सांगायचं की मला एकच किडनी आहे, दुसरं काहीतरी द्या.